अकरा घरांची पाळी

१४ मे

हालदार आले. पुलक हालदार, बांगलादेशातल्या यशोरचे. मोठ्या माशांना इंजेक्शन देऊन त्यांच्याकडून अंडी घालून घ्यायचं काम ते पंधरा वर्षं करताहेत. नागपूरच्या ज्या संस्थेने आमच्या मच्छीमार सोसायटीला हॅचरी बांधून दिली, तिनेच त्यांचा वर्षभराचा कामाचा व्हिसा काढला. सात महिने लागले. सोसायटीची सचिव म्हणून त्यातले निम्मे कागद मी केले. असं काम जाणणारा माणूस आपल्याकडे का मिळत नाही, तो कुठे राहील, काम संपल्यावर परत जाईल याची हमी. 'परत जाईल' याच्याखाली मी तीन ठिकाणी सही केली आहे.

ठेंगणे, सावळे, बेचाळीस वर्षांचे. बसमधून उतरले ते पेटी तिथेच ठेवून आधी तलावावर गेले. ओंजळीत पाणी घेतलं आणि वास घेतला. आमचे अध्यक्ष नानाजीभाऊ म्हणाले, "हा तं ढिवरच हाये, कुंताबाई. पाण्याचा वास घेते."

तिकडेही हालदार म्हणजे मासे धरणारेच. संध्याकाळपर्यंत सगळ्या मोहल्ल्याला कळलं, आपलाच माणूस आहे.

१९ मे

जिल्ह्याला जाऊन त्यांची नोंदणी केली. चौदा दिवसांच्या आत करायची असते, आम्ही पाचव्या दिवशी केली. साहेबांनी समजावून सांगितलं. काम याच सोसायटीचं, राहायचा पत्ता एकच, तो बदलला की कळवायचं. पत्ता नानाजीभाऊंचा दिला.

येताना हालदारांनी तो कागद प्लास्टिकमध्ये घालून सदऱ्याच्या आत ठेवला. म्हणाले, "दिदी, ये कागज मेरा जान है. एक दाग लगा तो फिर कोई देश मुझे नहीं लेगा." आधी नेपाळ, मग श्रीलंका, आता इथे. घरची हॅचरी पुरात गेली, तेव्हापासून दुसऱ्याच्या तलावांवरच पोट आहे. बायको शेफाली, एक मुलगी. मुलीचा फोटो दाखवला. मी म्हटलं, तुमच्यासारखीच दिसते. नाही दिसत खरं तर.

२३ मे

सभेत भांडण. चैतू उठून म्हणाला, "नानाजीभाऊ, मासे सोसायटीचे, तं माणूस बी सोसायटीचा. तुमच्याच घरी काऊन राहीन तो?"

"माया घरी पंखा हाये."

"आमच्या घरी का माणसं नाई?"

शेवटी ठरलं, तलावाच्या राखणीची जशी घरोघर पाळी असते तशीच हालदारांची पाळी. सोसायटीची अकरा घरं, दर घरी तीन दिवस. जेवण-झोपणं त्या घरी. मी वही आखली. अकरा नावं लिहिली. बारावं माझं पेन्सिलीने लिहिलं. नानाजीभाऊंनी पाहिलं.

"तू एकटी राहतस, कुंताबाई. लोक का म्हणतीन?"

खोडलं. ते बरोबरच बोलले. हे गेले त्याला नऊ वर्षं झाली. नऊ वर्षांत माझ्याकडे कोणी जेवायला बसलेलं नाही, त्यामुळे कोणी काही म्हणायचा प्रश्नही आला नव्हता.

२ जून

गावाला वेड लागलंय. ज्याच्याकडे पाळी त्याच्याकडे सण. झिंगे, लाखोळीची डाळ, आंबाडीची भाजी. लच्छूची बायको भांडायला आली, "आमच्या तीन दिवसांत एक दिवस त्याले जिल्ह्याले नेलं, तो भरून द्या." हालदार आता "मले नको, लय झालं" म्हणतात आणि सगळे पोट धरून हसतात.

आजपासून पाळी पुनमकडे. तिचा नवरा गोपाल हैद्राबादला बांधकामावर आहे. घरात ती आणि सासू भागीरथाबाई. म्हातारीला दिसत कमी असलं तरी कान सशाचे. मी दुधाच्या निमित्ताने तिकडून गेले. आत हालदार कसली तरी नक्कल करत होते आणि पुनम हसत होती. एवढ्या मोठ्याने हसायचं वय राहिलं नाही तिचं. सव्वीस. मी थांबले नाही. थोडी थांबले.

संध्याकाळी हॅचरीच्या हौदापाशी हालदारांनी विचारलं, "दिदी, हम घर-घर घूम रहा है. पता बदलने का खबर देना नहीं होगा?"

मोबाईलवर अर्ज उघडून पाहिला. पत्त्याला एकच रकाना आहे. अकरा घरं एका रकान्यात कशी बसवायची? नानाजीभाऊंना विचारलं, ते म्हणाले, "गाव तं एकच हाये ना? तलाव एकच हाये. बाकी का हाये मंग?"

मलाही पटलं. हालदारांना सांगितलं, मी बघते.

२ जुलै

पहाटे पहिली अंडी मिळाली.

काल दुपारी रोहूच्या माद्यांना इंजेक्शन दिलं. एक मी दिलं. तो म्हणाला, सुई अशी, पंखाच्या मुळाशी, तिरपी. माझं मनगट धरून दाखवलं. ओला, थंड हात. मासा माझ्या मांडीवर फडक्यात गुंडाळलेला, त्याचं तोंड उघडत-मिटत होतं. मला त्या मादीची दया आली, आणि तिने तसंच पडून राहावं असंही वाटलं.

सकाळी गोल हौदात पाणी फिरत होतं आणि त्यात साबुदाण्यासारखी अंडी. लाखो. हालदार हौदाच्या काठावर उकिडवा बसून रडला. आजवर आम्ही बाहेरून बोटुकली, म्हणजे बोटाएवढी पिल्लं, आणायचो, ती ट्रकमध्येच निम्मी मरायची. नानाजीभाऊ त्याला उचलून घेऊन नाचले. म्हणाले, "आता याले कुठी जाऊ देत नाई."

लक्षात आलं, मी आता त्याला 'तो' लिहायला लागले आहे. राहू दे.

९ जुलै

हालदारला ताप. पाळी पुनमकडे होती, काल पुढच्या घरी जायचं होतं, पण उभं राहता येत नाही. नर्सबाईने रक्त तपासलं, मलेरिया. वहीत नोंद केली: 'हालदार, पुनम गोपाल यांच्याकडे, मलेरियाचा ताप, हलवता येत नाही, पाळी पुढे ढकलली.' नर्सबाईची सही घेतली. मी अशा बाबतीत काटेकोर आहे.

पेज करून नेली. पुनमने आधीच भरवली होती.

१७ जुलै

आज उठून बसला. आठ दिवस झाले. वहीत रोज नोंद आहे, रोज मी गेले. मला पाहून म्हणाला, "पुनम ने बचा लिया, दिदी." पुनम चुलीपाशी होती. म्हणाली, "मी काऊन? सासूनं रातभर पाय चोळले तुये." सगळे हसले. मीही.

मी आठ वेळा गेले होते. ही काही तक्रार नाही. नुसतं लिहून ठेवते.

माझ्या मनात पुनमबद्दल काही नाही.

२५ जुलै

पोलीस येऊन गेले. परदेशी माणसाची चौकशी नेहमीचीच असते. हालदार तेव्हा मत्स्यबीज पोचवायला शेजारच्या गावी गेला होता.

ते आधी नानाजीभाऊंच्या घरी गेले. सून रोशनी अंगणात होती. तिला विचारलं, हालदार इथे राहतो का? ती म्हणाली, "नाई जी, इथी नाई राहत. मांगं तीन दिवस होता." खोटं कुठे बोलली?

मग पोलीस घरोघर गेले. आणि घरोघर एकच उत्तर. चैतूच्या घरी, आमच्याकडं कोणी नाई राहत. लच्छूच्या घरी, आमी ओळखत नाई त्याले. लच्छूची बायको एका दिवसासाठी माझ्याशी भांडली होती, ती दार लावून आत बसली.

आमच्या भागाचं हे जुनं आहे. जंगलातून कोणी येऊन जेवून गेलं, आणि दुसऱ्या दिवशी वर्दीवाल्यांनी विचारलं, की सांगायचं, कोणी आलं नव्हतं. दोन पिढ्या हे एकच उत्तर पाठ करून जगल्या. आता ते दिवस बरेच मागे पडले, पण प्रश्न ऐकला की तोंड आपोआप तेच बोलतं. दहा घरांनी नाही म्हटलं. फक्त पुनमचं घर बंद होतं. ती सासूला घेऊन दवाखान्यात गेली होती.

पोलिसांनी लिहून नेलं, दिलेल्या पत्त्यावर राहत नाही, गावात कोणाकडेही राहत नाही.

२७ जुलै

नोटीस आली. हालदार मे महिन्यापासून कुठे राहत होता, याचा खुलासा सात दिवसांत. विशेषतः ९ ते १६ जुलै. त्या दिवसांत तो कामावर दिसला नाही, आणि चहाच्या टपरीवर कोणीतरी सांगितलंय की तो मुलचेऱ्याकडच्या बंगाली वस्त्यांत आधार कार्ड काढायला गेला होता. ती माणसं पन्नास-साठ वर्षांपूर्वी सरकारनेच आणून वसवलेली. त्यांच्यातही हालदार आहेत. एवढ्यावरून.

जिल्ह्याचे साहेब वाईट नाहीत. फोनवर म्हणाले, "मॅडम, तो कुठे होता याची लेखी नोंद असेल तर द्या. सोसायटीचं पत्र जोडा. विषय संपेल."

लेखी नोंद आहे. माझ्या कपाटात आहे.

२९ जुलै

सभा. हालदारला बोलावलं नाही.

नानाजीभाऊ म्हणाले, "वही देल्ली तं का होईन? अकरा घरं अन् पत्ता एक. मंग इचारतीन, कळवलं काऊन नाई? सही कोणाची? माई अन् कुंताबाईची. हॅचरी उचलून नेतीन संस्थावाले."

झाडू नावाचा आमचा एक सभासद कोपऱ्यातून म्हणाला, "अन् त्याचं का होईन?"

"त्याचं का, तो घरी जाईन. त्याले घर हाये ना?"

 मग चैतू म्हणाला, "सुई माराचं तं आता कुंताबाईले येते."

मी म्हटलं, हे बरोबर नाही. नक्की म्हटलं, पण हळू म्हटलं असेन.

वही देण्यात माझी अडचण वेगळीच आहे. आठ दिवस एक तरणी बाई, नवरा परगावी, घरात परका पुरुष. हे सरकारी फायलीत जाणार. गोपालला कळलं तर? तिचा संसार माझ्या अक्षराने मोडायचा? मी विधवा आहे, बाईच्या नावाला काय लागतं ते मला ठाऊक आहे.

३० जुलै

पुनम आली. उंबऱ्यावरच बोलली.

"ताई, वही द्या साहेबाले. मायं नाव लेहा. मले कायचं भेव?"

"गोपाल काय म्हणेल?"

"तो का म्हणन? त्या आठ दिवसांत रोज फोनवर हालदारभाऊशी बोले तो. सासू घरात होती, नर्सबाई येत होती, तुमी सोता रोज येऊन बसत होत्या."

"तू लहान आहेस. तुला कळत नाही, नंतर लोक काय करतात."

ती म्हणाली, "लोक का करतीन ते मंग पाहू. आता तुमी का करून राह्यल्या ते सांगा."

फार उद्धट झाली आहे. सांभाळायला घरात पुरुष नसला की असं होतं. तिचं भलं मलाच बघावं लागणार.

१ ऑगस्ट

हालदार दारात आला. आत ये म्हटलं, आला नाही. पावसात उभा राहिला. सात दिवसांतला एक दिवस उरलाय.

"दिदी, वही."

मी म्हटलं, सापडत नाहीये.

खोटं नव्हतं. आज मी ती शोधलीच नव्हती.

"आप तो सब जगह पे रखती हैं, दिदी."

"सोसायटीचं कपाट ओलं झालं, सगळं हलवलं."

त्याने तोंडावरचं पाणी पुसलं. मग म्हणाला, "पुनम खुद गया था ऑफिस. साहब बोला, सोसायटी का कागज चाहिए, एक आदमी का बात नहीं चलेगा." आणि मग मराठीत, आमच्याच लोकांसारखं, "मले कोणीच नाई म्हणते का, मी इथी होतो?"

मला रडू आलं. त्याला दिसू नये म्हणून मी दार लोटलं. ते लोटणं त्याला कसं वाटलं असेल, हा विचार आत्ता लिहिताना आला.

७ ऑगस्ट

हुकूम आला. व्हिसा रद्द, देश सोडायचा. गाडी न्यायला आली होती.

तो हौदावर होता. तिसऱ्या फेरीचं जिरं, म्हणजे अंड्यातून निघालेली बारीक पिल्लं, हाप्यात, पाण्यात बांधलेल्या जाळीच्या पिशव्यांत, होतं, कोणत्या हाप्यात किती दिवसांचं ते मला एकेक करून समजावलं. पोलीस थांबले. चांगली माणसं होती. मोहल्ल्यातली दारं लावलेली होती. अकरातली दहा. पुनम आणि भागीरथाबाई गाडीपर्यंत गेल्या. म्हातारीने चाचपत त्याच्या तोंडावरून हात फिरवला आणि मोठ्याने म्हणाली, सगळ्यांना ऐकू जाईल असं, "बापा, हे गाव असं नव्हतं." मग थोड्या वेळाने म्हणाली, "नाई, असंच होतं."

मी हौदापाशीच राहिले. पाणी फिरतं ठेवायला कोणीतरी हवं होतं.

२१ ऑगस्ट

चौथी फेरी माझ्या हाताने. सतरा माद्या, एकही दगावली नाही. नागपूरहून संस्थेच्या मॅडम आल्या होत्या. म्हणाल्या, स्थानिक महिला हॅचरी चालवते हेच आम्हाला हवं होतं. परदेशी तज्ज्ञाचे कागद करणं आता फार अवघड झालंय. पुढच्या महिन्यापासून हॅचरी प्रमुख म्हणून माझी नेमणूक.

यात मला आनंद नाही. पण काम कोणीतरी करायलाच हवं. त्याचं काम वाया गेलं नाही, हे एका अर्थी त्याच्यासाठीच आहे.

३ सप्टेंबर

हालदारचा आवाजी संदेश. तीन मिनिटांचा. त्याचं नाव बंदीच्या यादीत जाणार आहे. एकदा गेलं की कुठल्याही देशाच्या अर्जात 'यापूर्वी काढून टाकलं होतं का' याला 'हो' लिहावं लागेल. ओमानमधल्या एका मत्स्य केंद्राने त्याला घेतलं होतं, त्यांनी हे विचारलंय. वकील म्हणतो, पंधरा सप्टेंबरपर्यंत अपील करता येईल. फक्त सोसायटीचं दोन ओळींचं पत्र आणि वहीच्या त्या पानांचा फोटो. मोबाईलवर पाठवलं तरी चालेल.

शेवटी म्हणाला, "दिदी, आप पर गुस्सा नहीं है."

हे त्याने का म्हणावं? मी त्याचं काय केलंय?

९ सप्टेंबर

पत्र लिहायला घेतलं. 'सदर व्यक्ती दिनांक १४ मे ते ७ ऑगस्ट या काळात आमच्या गावात वास्तव्यास होती.' 'वास्तव्यास' कोरडं वाटतं. 'आमच्यातलीच एक होऊन राहिली होती' असं लिहिलं. ते सरकारी पत्रात शोभत नाही. खोडलं. दोन ओळींसाठी चार पानं गेली. मन लागत नाही. असं पत्र घाईत लिहिणं त्याच्यावर अन्याय होईल.

१३ सप्टेंबर

पुनम हौदावर आली. नुसती उभी राहिली. मी म्हटलं, लिहिते आहे. ती म्हणाली, "वही द्या, फोटो मी काढतो. एक मिनिट लागते." मी म्हटलं, सोसायटीचं दप्तर असं कोणाच्याही हातात देता येत नाही, नियम आहे.

ती हसली. जूनमध्ये रस्त्यावर ऐकू आलं होतं तसं नाही. तिचं हे हसू मी आधी ऐकलं नव्हतं. बोटुकलीला खाद्य टाकायची माझी वेळ झाली होती.

हालदारचे दोन फोन आले. हात ओले होते.

१७ सप्टेंबर

आज पत्र पूर्ण झालं. फार चांगलं झालं आहे. एक पान भरलं. त्याने आमच्या पाण्याला काय दिलं, तो आजारातही कामाची विचारपूस कसा करायचा, सगळं आलं. कोणाच्या घरी राहिला ते घातलं नाही. त्याची गरज नाही, आणि पुनमचं नाव फायलीत जायचं वाचलं. वहीची पानंही जोडली नाहीत, पत्रातच सगळं आहे. लेटरहेडवर सही-शिक्का केला. सहीच्या खाली नवा हुद्दा पहिल्यांदाच लिहिला.

मुदत पंधरा की सोळा अशी काहीतरी म्हणाला होता, पण एवढ्या मनापासून लिहिलेलं कोणी दोन दिवसांसाठी परत पाठवत नाही. फोटोबिटो काढून पाठवणं मला बरं वाटलं नाही. जाड लिफाफ्यात घालून पोस्टात टाकलं. पोस्टातला बाबू म्हणाला, बांगलादेशात जायला महिना-दीड महिना धरा.

येताना पाय हलके वाटले. किती दिवसांनी जेवण गोड लागलं. पत्र पोचलं की तो फोन करील. मी काही अपेक्षा ठेवून लिहिलं नाही, पण आभार मानायला तरी तो नक्की करील.